‘सूरपेटी’च्या वाचकांची हळहळ

संगीताची सेवा दोन प्रकारे करता येते: ऐकून आणि फॉरवर्ड करून. दुसरीला वेळ कमी लागतो, म्हणून सुज्ञ माणसं तीच करतात.

इंदापूरहून निघणारं ‘सूरपेटी’ हे छापील मासिक या सेवेच्या आड येत होतं. संपादक गेणबातात्या, निवृत्त संगीतशिक्षक. दर अंकात पेटीचा एक धडा छापायचे आणि वर वाजवून बघा म्हणायचे (हा वाचकांवर अन्यायच). इंटरनेट आल्यावर वाचकांनी अंक मोबाईलवर मागवला. तेव्हापासून वाचक तिप्पट झाले आणि वाचणारे संपले.

बारामतीत माझी आठ वर्षांची स्वरूपा याच धड्यांवर शिकते. तिच्या गाण्याचं धृपद बसलं. अंतरा पुढच्या अंकात. तोवर म्हणून मी तिला व्हिडिओ लावून दिले. प्रगती समाधानकारक आहे. पेटी उघडण्याआधी ती ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणते, चॅनेलची घंटी दाबायला सांगते आणि दमून खेळायला जाते.

अशात तात्यांनी वाचकांच्या ग्रुपवर स्वतःच्या फोटोसह निवेदन टाकलं: हा शेवटचा अंक. छापील अंक हवा असलेल्या पन्नास जणांनी घरचे पत्ते कळवले, तरच पुढचा निघेल.

पहिल्या वाचकाने फोटो पाहिला, ‘शेवटचा’ एवढं वाचलं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. मागोमाग सव्वाशे जणांनी. (एकाने केक पाठवला, तो कशालाही केकच पाठवतो.) तात्यांनी लिहिलं, “मी हाय अजून. पत्ते पाठवा.” त्यालाही सगळ्यांनी हात जोडले.

मी पत्ता कागदावर लिहून इंदापूरला नेऊन दिला (ग्रुपवर घरचा पत्ता टाकायचा म्हणजे, घरात लहान मूल आहे). तेवढ्यात डाळजचे एक वाचक झुंबरराव हार घेऊन दारात.

“आवं तात्या, तुमी हायसा व्हय!”

“हाय की. पत्ता सांगा, झुंबरराव.”

“कशाला? मोबाईलवर येतंय की समदं.”

“वाचता?”

“न्हाय. पण एक अंक डिलीट केला न्हाय बघा.”

“मग हार कुणाला आणलाय?”

झुंबररावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हार जुन्या अंकांच्या गठ्ठ्याला घातला. माप बरोबर बसलं.

आजअखेर आलेले पत्ते: एक, माझा. तात्यांनी मुदत वाढवली आहे. स्वरूपाचा अंतरा त्यांच्या टेबलावर छपाईची वाट बघत पडून आहे.

तरी वाचकांनी हळहळू नये. हळहळ भरपूर शिल्लक आहे. नाव, गाव, पिनकोड लिहावा. पिनकोड आठवत नसेल तर घरात कुणाला तरी विचारा. मोबाईलमध्ये बघायला गेलात, तर तुम्ही काही परत यायचे नाहीत.