सोपानरावांची हरकत

सरकारनं कशावरही हरकती-सूचना मागवल्या, की वारंगा फाट्यावरचे चहावाले सोपानराव पातेलं खाली उतरवतात, टोपी घालतात आणि अर्ज घेऊन आमच्या ऑफिसात हजर होतात. आवक टेबलावर मी बसतो, म्हणून हा ताप माझ्या कपाळी!

पोचेच्या प्रतीवर शिक्का मारला, की ती उजेडात धरून बघणार. "सायेब, पुसट उठला. जरा दाबून मारा."

एकदा मासेमारीच्या जाळ्यांच्या नियमावर हरकत घेऊन आले. मी वैतागलो. "अहो, तुम्ही चहा विकता ना?"

"व्हय. पन त्यायनं इचारलंय. इचारल्यावर गप बसनं बराबर न्हाई."

मी शिक्का मारायचो, अर्ज फायलीत सारायचो. वाचला एकही नाही, खोटं कशाला बोलू?

यंदा फाट्यावरच्या टपऱ्या हलवायचा आराखडा निघाला. सोपानरावांची टपरी थांब्यापासून पार मागं जाणार, म्हणजे गिऱ्हाईक तुटलंच. हरकत आली ती एकट्या त्यांची. सुनावणी लागली. जन्मभर याचीच वाट बघितलेला माणूस, साहेबांपुढं उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. साहेब मला म्हणाले, "तुम्हीच वाचून दाखवा."

आधी टपरीच्या जागेचं होतं. मग शेवटी लिहिलं होतं: "फाट्यावर बायाबापड्या धंदा करतात. त्यांच्यासाठी मुतारी नाही. डोंगरकडा गावच्या गयाबाई अकरा वर्षं माझ्या शेजारी केळी विकतात. जागा नाही म्हणून दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. माझा चहा त्यांनी कधी घेतला नाही. मला लाज वाटते."

त्या दुपारी मी जुन्या फायली उपसल्या. प्रत्येक अर्जाच्या शेवटी हेच होतं, अगदी मासेमारीच्यासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टपरी मागंच गेली. मुतारी मात्र झाली.

परवा मी मुद्दाम फाट्यावर उतरलो. मागं जाऊन चहा घेत होतो, तेवढ्यात केळ्यांची पाटी दुसऱ्या बाईकडं सोपवून गयाबाई आल्या.

"सोपानभाऊ, कपभर चहा टाका."

सोपानरावांनी कप विसळला, पुन्हा विसळला. पातेल्याकडं बघतच त्यांनी विचारलं, "साखर किती घेता, गयाबाई?"