अण्णांच्या ट्रंकेतले कापड

शरदिनीबाईंनी ट्रंकेचे झाकण उघडले आणि ते हातात धरूनच त्या बसून राहिल्या. आत सगळ्यात वर अण्णांचे जुने धोतर होते. विरलेले, दोन ठिकाणी रफू केलेले. ते तिथे असायला नको होते. कार्तिक संपता संपता त्यांनी ते नेले होते आणि त्याचे नातवासाठी दुपटे शिवले होते. निदान झाकण उघडेपर्यंत त्यांची तशी खात्री होती.

"सापडलं का वस्त्र?" खाटेवरून अण्णांनी विचारले. खोकल्याने त्यांचा आवाज बसला होता.

"बघते आहे, अण्णा."

"बघायचं काय त्यात? ट्रंकेत चार कपडे."

बिंदुमाधव अण्णा काशीला मरायला आले होते. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नसे. स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्या साली ते आणि त्यांची बायको सीताकाकू वाईहून आले, शरदिनीबाईंच्या घरातली तळमजल्यावरची खोली त्यांनी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात चौकातून शेवटच्या वस्त्रासाठी पांढऱ्या कापडाचे एक कोरे ठाण आणून त्याचे दोन तुकडे केले. एक हिचा, एक माझा, असे अण्णा सांगत. सीताकाकू आपला तुकडा घेऊन लवकरच गेल्या. अण्णा राहिले. मधल्या वर्षांत त्यांनी दोनदा गल्लीचा रीतसर निरोप घेतला, छत्री आणि तांब्या देऊन टाकला, आणि बरे झाल्यावर दोन्ही वस्तू खालमानेने परत मागून आणल्या.

त्या तुकड्याची मात्र त्यांनी कधी हयगय केली नाही. दर कार्तिकी पौर्णिमेला ते तो गंगेत बुडवून आणत, गच्चीवर वाळवत आणि घडी घालून ट्रंकेत ठेवत. कापडाची खळ पहिल्याच वर्षी गेली. पुढे ते मऊ होत होत इतके मऊ झाले की कोणीही गालाला लावून पाहावे. अंत्ययात्रेचे कापड असे नसते. पण अंत्ययात्रेचे कापड इतकी वर्षे थांबतही नाही.

आता दुपट्याचे. बाळाचे पहिले दुपटे नव्या कापडाचे करत नाहीत. चांगले वय झालेल्या, हिंडत्याफिरत्या माणसाने वापरलेले कापड घेतात. एक तर ते बाळाच्या अंगाला बोचत नाही, आणि दुसरे म्हणजे त्या माणसाचे वय बाळाला लागते, अशी समजूत आहे. शरदिनीबाईंची लेक बकुळ दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिले मूल बारशाआधीच गेले होते. म्हणून या खेपेला शरदिनीबाईंनी कसलीही कसर ठेवायची नाही असे ठरवले आणि गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जुने धोतर मागितले. अण्णा स्नानाला निघाले होते. "ट्रंकेत वरचंच घे," म्हणाले. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती आणि वर धोतर नव्हे, ते वस्त्र ठेवले आहे हे ते विसरले होते.

"शरदिनी, वस्त्र उशाशी ठेव," अण्णा म्हणाले. "या खेपेला काही खरं नाही. हात लावला की बरं वाटेल. हिचा नि माझा तुकडा एका ठाणातला."

"दमट लागतंय, अण्णा," शरदिनीबाई म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाशी त्या जन्मात खोटे बोलल्या नव्हत्या. "जरा ऊन दाखवून आणते."

पौष महिना होता. चार दिवस गंगेवरचे धुके गल्लीत शिरून बसले होते आणि समोरच्या घराची खिडकीसुद्धा दिसत नव्हती.

"ऊन कुठं आहे?"

"निघेल की."

"मग निघू दे," अण्णा म्हणाले. "तोवर थांबतो."

वरच्या मजल्यावर नातू दुपट्यात गुरफटून झोपला होता. शरदिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि चटकन नजर वळवली. रात्री त्यांनी नवऱ्याला, वासुदेवरावांना, सांगितले. वासुदेवराव रेल्वेत होते. हरवलेल्या मालाचे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सांगितले, तसलंच नवीन कापड आण, दोनदा पाण्यात घाल आणि ठेव. कळणार आहे कोणाला?

"सीताकाकूंना," शरदिनीबाई म्हणाल्या.

वासुदेवराव कूस बदलून झोपले.

आता राहिला एकच मार्ग. अण्णा जायच्या आत ते वस्त्र होते तसे करून ट्रंकेत ठेवायचे. पण दुपट्याला त्यातले निम्मेच कापड लागले होते. शरदिनीबाई रविवारी दुपारी गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवत आणि त्यांच्या वर्गाचा पहिला नियम असा होता की चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही. मुलींनी नियम पाळला होता. उरलेल्या कापडातून त्यांनी शेजारच्या पद्मावहिनींच्या बाळकृष्णाला दुलई शिवली होती आणि ढुंढिराजशास्त्र्यांना जपमाळेसाठी गोमुखी. दोन्ही वस्तूंवर बाईंनी स्वतः शेवटचा टाका घालून, कौतुक करून त्या पोहोचवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पद्मावहिनींकडे गेल्या आणि दुलईचा टाका उसवला असेल, जरा नीट करून देते, असे म्हणाल्या. पद्मावहिनींनी दुलई उलटून पालटून पाहिली. टाका उसवलेला नव्हता. मग शरदिनीबाईंनी सांगितले की कापड तितकेसे चांगले नाही, दुसरे लावते. पद्मावहिनींनी विचारले, देवाला दिलंत तेव्हा चांगलं होतं का? पद्मावहिनी उठल्या, आत गेल्या आणि दुलईबरोबर आजवर मिळालेले उशांचे अभ्रे, संक्रांतीचे बटवे आणि गरम भांडी धरायची फडकी घेऊन बाहेर आल्या.

"सगळंच घेऊन जा, शरदिनीबाई. एकेक मागायला जिना चढायला नको."

शरदिनीबाई ते बोचके घेऊन घरी आल्या. संध्याकाळी पद्मावहिनींकडून रोज येणारी आमटीची वाटी आली नाही.

"ऊन निघालं का?" खालून अण्णांनी विचारले.

"नाही अजून."

ढुंढिराजशास्त्री जपाला बसले होते. त्यांचे अनुष्ठान चालू होते, म्हणून मौनही होते. त्यांचा उजवा हात नेमका त्या गोमुखीत होता. शरदिनीबाईंनी गोमुखी परत हवी असल्याचे सांगितले. शास्त्र्यांनी भुवई वर केली. शरदिनीबाईंनी पुन्हा सांगितले. शास्त्र्यांनी दुसऱ्या हाताने आधी आकाश दाखवले आणि मग पाट दाखवला, म्हणजे दुपारपर्यंत बसा. शरदिनीबाई समोर बसल्या आणि गोमुखीकडे बघत राहिल्या. पुढ्यात कोणी असे डोळे लावून बसले की मन लागत नाही. शास्त्र्यांची माळ तीनदा चुकली आणि तीनदा पहिल्यापासून सुरू झाली.

दुपार टळल्यावर मौन सुटले. शास्त्र्यांच्या तोंडावर खोटे बोलणे शरदिनीबाईंना जमेना. त्यांनी सगळे सांगून टाकले. शास्त्र्यांनी हातातली गोमुखी उलटसुलट करून पाहिली.

"हिचं काही बिघडलं नाही," ते म्हणाले. "देहावर घालेपर्यंत ते नुसतं कापड. पण तुम्ही तुकडे गोळा करून करणार काय?"

"जोडते. बारीक टाका घालून होतं तसं करते. कळणारसुद्धा नाही."

"शिवून?"

"मग कसं?"

"शेवटच्या वस्त्राला सुई लागलेली चालत नाही, शरदिनीबाई."

शास्त्री हे अगदी शांतपणे म्हणाले. शरदिनीबाईंना जन्मभर जे एक काम आले, ज्याच्या जोरावर त्यांनी फाटलेले सगळे सांधले होते, ते या एका ठिकाणी निरुपयोगी होते. त्यांनी गोमुखी शास्त्र्यांकडेच राहू दिली. वाटेत त्या पद्मावहिनींच्या दाराशी थांबल्या, खरे कारण सांगितले आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरल्या.

घरी बकुळ बाळाला पाजून झोपवत होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहिले.

"काय चाललंय तुझं, आई? दोन दिवस झाले, तू मुन्नाकडे बघत नाहीस. मी बघतेय ना. त्याला काही झालंय का?"

तेव्हा शरदिनीबाईंनी सांगितले. शिकवताना सांगत तसे, पहिल्यापासून आणि क्रमाने. पौर्णिमा, ट्रंक, वरची घडी. बाळ मूठ तोंडाशी धरून झोपले होते आणि दुपट्यावरचे लाल धावदोरे त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरले ना. अब भी डर लग रहा है." बकुळने दुपट्याचे टोक हातात घेतले, सोडले, पुन्हा घेतले. "पहिल्याला सगळं नवं कोरं होतं, आई. बाजारातनं आणलेलं, दुकानातलं. त्याला रात्ररात्र झोप नव्हती. हा बघ कसा झोपतो."

"पण अण्णा रोज विचारतात गं. काय सांगू त्यांना? आता गेले तर..."

बकुळने पदर खोचला, बाळाला दुपट्यासकट उचलले आणि ती जिना उतरू लागली. बाळंतिणीने अशा थंडीत खाली जाऊ नये, हे सांगायचे शरदिनीबाईंना सुचले तेव्हा ती अण्णांच्या खोलीत पोहोचली होती.

"ऊन निघालं का?" अण्णांनी डोळे न उघडता विचारले.

"नाही. तुमचं वस्त्र आणलंय, अण्णा," बकुळ म्हणाली. "पण आत एक जण आहे."

तिने बाळाला अण्णांच्या शेजारी ठेवले. अण्णांनी डोळे उघडले. शरदिनीबाईंनी दारातूनच झाले ते सांगितले. दुपटे, दुलई, गोमुखी आणि सुईचे शास्त्र. कुठे काही लपवले नाही. अण्णा ऐकत होते की नाही ते कळत नव्हते. त्यांचा हात चाचपत चाचपत दुपट्यापर्यंत आला आणि कापडावरून फिरला.

"तेच आहे," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

"हिच्या ठाणातलं."

"हो."

"काढून घेतलं तर?"

"रडेल," बकुळ म्हणाली. "आणि मीपण."

अण्णांना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. गेले कित्येक दिवस ते खोकू लागले की भिंतीपलीकडचे लोक जागे होत. आता त्यांनी तोंड उशीत खुपसले आणि उबळ सगळी आतल्या आत गिळली. डोळ्यांतून पाणी आले, कपाळावरच्या शिरा तटतटल्या, पण आवाज झाला नाही. बाळ हलले नाही.

"झोपू दे," श्वास परत आल्यावर अण्णा म्हणाले. "त्याचं झालं की घेईन."

"त्याचं म्हणजे केव्हा होणार?" शरदिनीबाईंनी भीत भीत विचारले.

"त्याला पुरेनासं झालं की. तेवढं थांबतो. घाई नाही."

त्यानंतर अण्णांनी ऊन विचारले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पेज मागितली, आठवड्याने वरण-भात. पद्मावहिनींनी शास्त्र्यांचे मत स्वतः जाऊन दोनदा विचारून घेतले, मग दुलई परत नेऊन बाळकृष्णाला पांघरली आणि आमटीची वाटी पुन्हा येऊ लागली. माघात अण्णा काठी टेकत घाटाच्या पायऱ्या उतरले. बाळाचे नाव विश्वेश्वर ठेवले. बकुळचा नवरा त्याच सुमारास बदली होऊन काशीलाच आला, त्यामुळे बाळ इथेच राहिले आणि सगळी मुले करतात तेच करू लागले. ते वाढू लागले.

पहिल्यांदा शरदिनीबाईंच्याच लक्षात आले. थंडी पुन्हा सुरू झाली होती आणि दुपट्यातून विश्वेश्वरच्या दोन्ही टाचा बाहेर आल्या होत्या. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. त्याचे पाय हळूच पोटाशी घेतले आणि दुपटे खाली ओढले. मग खांदे उघडे पडले. बकुळनेही पाहिले. दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या कामाला लागल्या. काही दिवस त्या दोघी विश्वेश्वरला कुशीवर, गुडघे मुडपून झोपवत होत्या.

एके दुपारी अण्णा त्याला बघायला वर आले. विश्वेश्वर उताणा झोपला होता. टाचा, घोटे आणि थोड्या पोटऱ्या दुपट्याबाहेर होत्या. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून त्या पायांकडे पाहत उभे राहिले. शरदिनीबाईंच्या हातातली सुई थांबली. बकुळ दाराला टेकली. अण्णांनी दिलेल्या शब्दाचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांना नीट समजत होता.

"पुरत नाही की गं याला," अण्णा म्हणाले.



अण्णा वळले, जिना उतरले, खांद्यावर शाल टाकली आणि कोणाला बरोबर न घेता चौकात गेले. कापडवाला त्यांना ओळखत होता. पांढऱ्या कापडाच्या ठाणाकडे त्याचा हात गेला, तर अण्णांनी मान हलवली आणि पोपटांची छापील छीट दाखवायला सांगितली. बच्चे की गुदड़ी को चारों ओर से पट्टी लगानी है, ते म्हणाले. दरसाल एक लागेल, म्हणून जरा जास्तच द्या. त्यांनी छीट दोन बोटांत धरून चोळली, ओल्या बोटाने रंग जातो का ते पाहिले, दारापाशी नेऊन उजेडात धरली.

"रंग पक्का है, बाबा," दुकानदार म्हणाला. "चार-पाँच साल कुछ नहीं होगा."

अण्णांनी छीट त्याच्यापुढे ठेवली.

"चार-पाँच से क्या होगा, भाई?" ते गंभीरपणे म्हणाले. "बारह-पंद्रह साल चले, ऐसी दिखाओ."