कदमसरांची वेणी

आमचे कदमसर शेवयांचा उपमा खाण्याआधी तो विंचरतात. काट्याने, अगदी मन लावून. सगळ्या शेवया एका बाजूला झोपल्या की मगच पहिला घास. तोवर कॅन्टीनमध्ये आमचा दुसरा चहा होतो.

यात त्यांचा दोष नाही, पेशाचा आहे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघं कार्बनच्या तंतूंवर क्ष-किरण सोडतो. तंतू केसाहून बारीक, त्याच्या पोटात कार्बनचे थर. ते लांबीच्या दिशेने नीट लागलेले असले, की पडद्यावर आखूड, रेखीव कमानी उमटतात. विस्कटलेले असले, की कमानी पसरतात. पण जुडी बांधतानाच तंतू वाकडेतिकडे बसले, तरीही त्या पसरतातच. म्हणून सर चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून, एकेक तंतू चौकटीवर ताणून चिकटवतात. तेवढ्यात कुणी दार उघडलं तर, "नक्को ना बाबा, हवा आली!" मी घाई केली की ठरलेलं वाक्य: "गबाळेपणा आपला आणि बदनामी तंतूची?"

असा हा माणूस स्वतःच्या शर्टाची बटणं मात्र खालीवर लावतो. ती नीट करून द्यायच्या सुमनवहिनी. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात लुळा पडला. कमरेपर्यंतचे केस त्यांना विंचरता येईनात. सगळे म्हणाले, कापून टाका, सोपं पडेल. वहिनींनी केस तसेच ठेवले, पण नल्लकुंट्याच्या घरातून बाहेर पडणंच बंद केलं. सख्ख्या भाचीचं लग्न इथेच, कुकटपल्लीत, तरी म्हणाल्या, "मी काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला विचारलं, "वेणी घालायला शिकवती का मला?"

मग काय, जेवणाच्या सुट्टीत सुतळीचे तीन पेड घेऊन शिकवणी सुरू! प्रत्येक पेडाला सर पट्टी लावून बघत. मी वैतागले. "सर, वेणी आहे ही, नमुना नाही."

"हौ, पण तिला दुखू नये ना," ते म्हणाले.

वहिनी लग्नाला आल्या. वेणीत मोगऱ्याचा गजरा होता, पण वेणी पार एका कानाकडे सरकलेली, मधला पेड सुटून फुगलेला. मला राहवेना. सर आहेर द्यायला स्टेजवर गेलेले पाहून मी पर्समधून कंगवा काढला आणि वहिनींच्या मागे गेले. "थांबा, पटकन नीट घालून देते."

वहिनींनी डावा हात मागे नेऊन वेणी मुठीत घट्ट धरली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून हे माझ्या पाठीशी बसले होते. राहू दे अशीच."

मी कंगवा परत पर्समध्ये टाकला. खरं सांगते, मला वहिनींचा हेवा वाटला.