दक्षिण ध्रुवाचं केळवण

अंटार्क्टिकाच्या मोहिमेत डिझेल मेकॅनिक म्हणून गुंडाची निवड झाली आणि उंब्रजकरांना पहिली काळजी पडली ती दुधाची.

"सहा म्हयनं दिस मावळत न्हाई म्हंत्यात," शेजारची बनुबाई म्हणाली. "मग सांजची धार काढायची कवा?"

"तितं म्हसच न्हाई, मावशे."

"म्हस न्हाई? मग वरीसभर खाणार काय रं लेकरा!" असं म्हणून तिनं त्याला त्याच दिवशी पुरणपोळीला बसवलं.

चौदा वर्षं फौजेत इंजिनं उघडून आलेल्या गुंडाला आता एकच हौस उरली होती. न मावळणारा सूर्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. त्यासाठी तो काय वाटेल ते करायला तयार होता, फक्त कुणाला नाही म्हणायला तयार नव्हता. बनुबाईकडं जेवला म्हणून त्याचा दोस्त पप्पूनं मटण घातलं. पप्पूकडं गेला म्हणून चुलतभाऊ रुसले. बारा दिवसांत बावीस घरं झाली. थंडीच्या मुलखात जायचं तर अंगात तूप पाहिजे, यावर साऱ्या गावाचं एकमत होतं.

तेराव्या दिवशी मिरजेला वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"वजन, साखर, चरबी, सगळंच वर. राखीव यादीतल्या विट्याच्या वीरधवलचं नाव तूर्त पुढं जाईल. महिन्यानं दोघांची फेरतपासणी. जो निकषात बसेल तो जाणार."

गावात तंटा पेटला. गुंडाला बाद केलं कुणी?

"माज्यात आठच पोळ्या खाल्ल्या," बनुबाई कडाडली. "पप्पूच्यात मटणाचं पातेलं पुसून काढलं त्येनं!"

"आवं, पर पोळीवर वाटीभर तूप कुणी वतलं?" पप्पू उसळला.

मधोमध गुंडा पोट आत ओढून बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. शेवटी त्याची बायको राजेश्वरी पुढं झाली. "उद्यापासनं ह्यांना कुणी चा जरी पाजला, तर माज्याशी गाठ हाय!"

मग पहाटे हायवेपर्यंत चालणं आणि दोन्ही वेळा भाकरी, बिनतेलाची भाजी सुरू झाली. आठवड्यात किलोभरसुद्धा उतरलं नाही. गुंडाचा धीर सुटला. सूर्य गेला तो गेलाच, निदान मन तरी मोठं करावं म्हणून त्यानं जेवता जेवता वीरधवलला फोन लावला.

"अभिनंदन गड्या. लय वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पर तू जा. त्यो सूर्य खरंच मावळत न्हाई का, तेवढं बघून सांग मला."

पलीकडं भांडी वाजत होती. वीरधवल तोंडातला घास गिळत म्हणाला, "थांबा दादा, पंगतीत बसलोय. नाव पुढं गेलं म्हणून विट्यात केळवणं चाललीत. आज नववं घर. काल बासुंदी, आज शिरा. न्हाई म्हणलं तर मानसं रुसत्यात वो."

गुंडाचा हात ताटातच थांबला.

"किती दिस चालणार?"

"फेरतपासणीपतुर, म्हंत्यात."

"न्हाई म्हणू नगंस गड्या," गुंडा अगदी मायेनं म्हणाला. "मानसाचं मन मोडू नये."

आणि फोन ठेवून, अर्धी भाकरी दुरडीत परत टाकून तो बूट घालायला लागला.