दादारावांचा अंगठा

वैमानिक लेक लुंबिनीच्या विमानात बसायला दादाराव रामटेके तयार झाले, ते बायको मीराबाई फोनवर "भीती वाटत असेल तर रेल्वेने या," असं म्हणाल्या म्हणून. ते एका लग्नासाठी ग्वाल्हेरला गेले होते. तिथल्या एका कंपनीचं चार आसनी विमान दिल्लीच्या मोठ्या विमानतळावर पोचवायचं काम नेमकं लेकीकडेच आलं होतं. उतरल्यावर टॅक्सीने थेट फरीदाबादचं घर गाठायचं, असं ठरलं.

दादाराव सरकारी भाषांतर विभागातून निवृत्त झालेले. चुकीचा शब्द त्यांना खपत नसे. दिल्लीत वाढलेल्या लुंबिनीचं मराठी ते तोंडात घास असतानाही दुरुस्त करत.

विमानात त्यांच्यासमोरही तिच्यासारखंच एक स्टिअरिंग होतं.

"बाबा, याला हात लावायचा नाही. बाकी काहीही करा," लुंबिनी म्हणाली.

दिल्ली जवळ येईपर्यंत दादाराव मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखे बसले. मग हेडफोनमध्ये विमानतळाच्या नियंत्रण कक्षातला एक संथ, जड आवाज इंग्रजीत सूचना देऊ लागला.

"काय म्हणतोय?"

"वेग कमी करू नका म्हणतोय. मागून मोठं विमान येतंय. आपल्या दुप्पट वेगानं."

दादारावांनी वळून मागे पाहिलं. दिसलं काहीच नाही, पण त्यांच्या हाताने आपसूक स्टिअरिंगची कड पकडली.

"बाबा, ओढू नका!"

"ओढत नाहीये. नुसतं धरलंय."

त्या कडेला एक बटण होतं. ते दाबलं की आपलं बोलणं रेडिओवर जातं, आणि सोडेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. दादारावांचा अंगठा नेमका त्याच्यावर रुतला होता.

धीर यावा म्हणून ते बोलत राहिले. "तुझ्या आईनं ठेचा केलाय म्हणे. माझा गुडघा पार आखडला बघ. आणि तो रेडिओवरचा माणूस किती मेंगळट गं! मागून एवढं मोठं विमान येतंय आणि हा आपला शब्दाशब्दाला थांबतोय. आता तर बोलायचाच थांबला. झोपला वाटतं."

लुंबिनी धावपट्टीकडे पाहत होती. "इतका वेळ कुणीच कसं बोलत नाही?" ती पुटपुटली.

"बरंय की. निवांत."

मग तिला रेडिओवरचा छोटा लाल दिवा दिसला. तिने वडिलांचा अंगठा अक्षरशः उचकटून काढला आणि हेडफोनमध्ये एकदम पाच-सहा वैमानिकांचा गलका उसळला. उतरायची परवानगीच न मिळाल्याने मागचं विमान पुन्हा वर गेलं होतं. लुंबिनीलाही एक फेरी मारून यायचा हुकूम झाला.

"बाबा, तुमचं सगळं बोलणं दिल्लीच्या आकाशभर गेलं."

"मराठीत?"

"मराठीतच."

"मग ठीक आहे," म्हणत दादाराव सावरले. तेवढ्यात कुठल्याशा विमानातून आवाज आला, "काका, थोडा ठेचा आम्हालाही ठेवा."

दादारावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दुसऱ्या खेपेला लुंबिनी इतकी अलगद उतरली की चाकं टेकलेली त्यांना कळलीसुद्धा नाहीत. पण कौतुक करायची ती वेळ नव्हती. एक पिवळी जीप त्यांना वाट दाखवत मोठमोठ्या विमानांच्या पोटाखालून टोकाच्या जागी घेऊन गेली, आणि तिथून त्या दोघांसाठी आलेल्या भल्यामोठ्या रिकाम्या बसने थेट चौकशीच्या खोलीत.

समोर अधिकारी त्यागी साहेब. त्यांनी तोंड उघडताच दादारावांनी ओळखलं. तोच संथ, जड आवाज.

"गलती मेरी है, सर," दादाराव उभे राहून म्हणाले. "बेटी का लाइसेंस मत रोकिए."

"आप... बैठिए, अंकल." त्यागी लुंबिनीकडे वळले. "मैडम, टेप में जो मराठी है, उसका मतलब बताइए. मुझे रिपोर्ट में लिखना है."

टेप लागली. लुंबिनीने ठेचा सांगितला, गुडघा सांगितला. मग टेपमधून 'मेंगळट' आला. त्यागींनी हात वर केला.

"यह... रेडियो वाला... मैं हूँ न? ये मेंगळट... क्या?"

लुंबिनी गोंधळली. हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. थोडा विचार करून तिने प्रामाणिकपणे अंदाज बांधला. "मतलब... शांत स्वभाव के. जो घबराते नहीं."

दादारावांचं तोंड सवयीने उघडलं.

त्यागींचा चेहरा मात्र खुलला होता. "बीस साल की नौकरी में... पहली बार किसी ने कहा," ते हळूच म्हणाले आणि कागद पुढे ओढत त्यांनी विचारलं, "अंकल, मैडम ने... ठीक बताया?"

लुंबिनी वडिलांकडे पाहत होती.

"बिल्कुल, सर," दादाराव म्हणाले. "इससे सटीक अनुवाद हो ही नहीं सकता."

ताकीद देऊन लुंबिनीला सोडलं. त्यागी साहेब दारापर्यंत पोचवायला आले. निघताना त्यांनी दादारावांचा हात हातात घेतला आणि शब्दाशब्दाला थांबत सांगितलं, "अंकल... बच्चों को... यह शब्द... मैं घर पर भी सिखाऊँगा."