सासूबाईंचा केक आणि सोल्हाचे अपूर्णांक

सोल्हाला अपूर्णांक मी शिकवायचं ठरवलं, इथवर काहीच बिघडलं नव्हतं. सोमवारी तिची परीक्षा होती आणि ‘पाव’ म्हटलं की पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. बायको मिग्यंग तिच्या आईला आणायला जनजूच्या बसस्टँडवर गेलेली. सासूबाईंची आज सत्तरी.

“पुस्तकातून नाही कळत बाळा, डोळ्यांनी बघावं लागतं,” मी म्हणालो. (जनजूच्या पोस्टात सतरा वर्षं तिकिटं विकणाऱ्या माणसाचं हे शिक्षणशास्त्र.)

डोळ्यांना दिसेल असं गोल घरात एकच होतं. सासूबाईंचा तांदळाचा केक. परातीएवढा, पांढराशुभ्र, अजून वाफाळता.

मी शिवणाचा दोरा मधोमध ताणला. केक आवाज न करता दुभंगला.

“हा अर्धा. मी खाल्ला, तर किती उरला?”

“अर्धा.”

“आता त्याचा अर्धा तू खा.”

“पाव उरला,” ती खातखात म्हणाली. मग अर्धपाव मी खाल्ला, त्याच्या निम्मा तिने. बाहेर बर्फ भुरभुरत होता, खालून तापवलेली जमीन पाठीला ऊब देत होती.

“पप्पा, दर वेळी अर्धा उरतोच. म्हणजे हा कधीच संपणार नाही?”

“कधीच नाही,” मी म्हणालो, आणि मला ते मनापासून पटलं. पांढरं, गोड, न संपणारं काहीतरी डोळ्यांपुढे तरंगत राहिलं. आम्ही दोघंही तिथंच झोपलो.

“अहो, केक कुठंय?”

डोळे उघडले तर मिग्यंग उभी, आणि तिच्यामागे टोपीवर बर्फ घेऊन सासूबाई. ताटात बोटभर तुकडा.

“सोळावा भाग आहे, आजी,” सोल्हा उठून बसली. “पप्पांनी आठातले पाच भाग खाल्ले, मी सोळातले पाच.”

सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला. “पोरीला येतंय. जावईबापूंना काय येतं ते दिसलंच. आता वाढदिवसाचं सूप तूच वाट गं.”

सोल्हाने पळी घेतली. आजीला अर्धं, आईला पाव, स्वतःला अर्धपाव. उरलेल्याचे तिने जीभ बाहेर काढून, नेमके दोन सारखे भाग केले. एक वाटी माझ्यापुढे सरकवली.

“आणि ती दुसरी?” मी आशेने विचारलं.

“शेजारच्या मांजराला.”




मी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहिल्या. मांजराच्या वाटीत एक थेंब जास्त होता.