एक्केचाळीस हजारांचा अचूक अंदाज

येत्या वर्षी राज्यातले किती लोक सरकारी विमा-बाजारातून आरोग्य विमा घेतील, याचा अंदाज विमा खात्यातल्या व्हर्लन हाउगेने एकसष्ट हजार द्यायला हवा होता. त्याने एक्केचाळीस हजार दिला. उत्तरेकडचे नऊ जिल्हे बेरजेत घ्यायचे राहून गेले, एवढंच. चूक लक्षात आली तोवर गव्हर्नरसाहेब पत्रकारांना आकडा सांगून मोकळे झाले होते.

"मॅडम, आकडा चुकलाय," त्याने चाचरत आपल्या वरिष्ठ मिसेस प्रुइट यांना सांगितलं.

"गव्हर्नर बोललेत ना? मग आकडा नाही चुकत. चुकले तर लोक चुकतील."

आकड्याच्या हिशेबाने फोनवर अर्ज भरून घेणारी माणसं नेमली गेली. साठ लागायची तिथे चाळीस. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी अख्खं राज्य फोनला चिकटलं. त्यात व्हर्लनची थोरली बहीण आर्डिसही होती. उत्तरेतल्या एका गावात तिचं केस कापायचं दुकान. जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि विम्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. तिने दुकानाच्या फोनवर रांग धरली आणि मोबाइलवर भावाला.

"व्हर्ल्या, अडीच तास झाले! कानात नुसती बासरी वाजतेय मेली."

"ताई, फोन ठेवू नकोस. अजिबात ठेवू नकोस!"

"अरे, इथे गिऱ्हाईक अर्धं डोकं भादरून बसलंय. त्याला काय सांगू?"

लोक कंटाळून फोन ठेवत गेले. कामधंदे होते बिचाऱ्यांना. पाच वाजता मुदत संपली आणि मोजणी झाली. एक्केचाळीस हजार, वर फक्त बारा.

"बारा माणसांचा फरक! अहो व्हर्लन, तुम्ही तर ज्योतिषी निघालात!" मिसेस प्रुइट यांनी केक मागवला. टाळ्या पडल्या. व्हर्लनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"बंद झालं रे," आर्डिसचा आवाज पार बसला होता. "पुढच्या वर्षी या म्हणे. गुडघ्यालाही तेच सांगू का?"

व्हर्लनने मोबाइलवर हात ठेवला. "मॅडम, बाहेर अजून वीस हजार माणसं ताटकळलीत. मुदत वाढवायला हवी."

"कशाला? लोकांना विमा नकोच आहे, आकडाच सांगतोय. पुढच्या वर्षी फोनवर तीस माणसं पुरे." मिसेस प्रुइट यांनी केकचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. "अंदाज अर्थात तुम्हीच द्यायचा."

"किती देऊ?"

"तीस जणांना झेपेल तेवढा."

व्हर्लनने मोबाइलवरचा हात काढला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या आकड्यातही तू नाहीस गं."